वीट

मानवतला, पाथरी रोडच्या कडेला,
घराला चिकटून दहा बाय बाराचं पत्र्याचं शेड.
पाटीवर मोटार रिवायंडिंग, खाली नवऱ्याचं नाव.
काम माझं.

डिसेंबरात पत्रा रात्रभर आतून घाम धरतो
आणि सकाळी थेंब टाकतो
नेमका मानेवर.
बोटं अशी आखडतात की तार हातात आहे
हे हातालाच कळत नाही.
न कळणाऱ्या बोटांनी तांब्यावरचा मुलामा ओरखडला
की मोटार तिसऱ्या दिवशी परत येते
शिव्यांसकट.

म्हणून ऊब लागते. हौस नाही ती.

पण इथं डब्यात वार्निश आहे,
बाटलीत थिनर,
जळक्या कॉइलींची काजळी खिळ्याखिळ्यावर,
आणि चिंध्या.
वार्निशच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात फेकल्या
तर काडीवाचून तापत बसतात, रुसल्यासारख्या.
मी त्या बाहेर तारेवर वाळत घालते.
शेजारीण म्हणते, काहून गं,
फडक्यांचं लगीन हाय का?

गौसचाचांनी हे काम शिकवलं.
तारेबद्दल ते दिवसभर बोलत,
आगीबद्दल एकदाच बोलले:
थिनरचा वास वर नाही जात, बेटी.
जमिनीवरून चालतो, मांजरासारखा,
चूल कुठंय ते हुंगत.

आणि शटर ते कधी पुरतं ओढत नसत.
फटीत एक वीट उभी.
वीतभर वारा सुऱ्यासारखा पायावर यायचा,
मी कुरकुरायचे.
चाचा काही बोलत नसत.
मुनीरचं मला फार पुढं कळलं, त्यांच्या बायकोकडून:
धाकटा भाऊ. शेगडी आत घेऊन, शटर लावून झोपला.
धूर नव्हता. काही जळलं नव्हतं.
सकाळी निखारे अजून लालसर होते.

पोरगं ठेवलंय हाताखाली, व्यंकटी.
परवा हीटर घेऊन आला, उघड्या तारेचा,
पिन नाही, वायरीची टोकं
आगकाडीनं सॉकेटात ठोकलेली.
लई मस्त तापतंय, ताई.
मी म्हटलं, तापतंय खरं.
मेन बंद केला, टोकं उपसली,
आणि त्याला ती वायर हातात धरायला लावली.
पाच मिनिटांत ती भाकरीसारखी गरम झाली होती.
पोरगं गप.

आता शेकोटी बाहेर, बाभळीपलीकडं,
व्यंकटीच्या पावलांनी वीस, माझ्या पावलांनी पंचवीस.
वाळूची बादली मधल्या वाटेवर.
शंभर वेढे झाले की उठायचं,
हात शेकायचे, तळवे गालाला लावून बघायचे,
मग आत.
जागा गरम करायची नाही. माणूस गरम करायचा.

स्टेटर मात्र आत सुकतो.
आधी दोन तास उन्हात निथळून, वास पार उडाल्यावर
त्याच्या पोटात दोनशेचा बल्ब सोडते.
पिवळा उजेड खाचांतून भिंतीवर पडतो.
तेवढीच शेडात श्रीमंती.

काल रात्रीच्या लाईनीची पाळी होती.
तुळशीराममामा मोटारीसाठी नऊपासून बसलेले,
कानाला मफलर, खिशात बिडी, पेटवायची बंदी.
हरभऱ्याला पाणी द्यायचंय, कवा होईल, हे सातव्यांदा.
शेकोटी विझत आली तसे आत आले.
बसायला काही दिसेना.
त्यांनी फटीतली वीट काढली
आणि तिच्यावर बसले.
शटर धाडकन खाली.

एकाएकी किती उबदार झालं शेड.
खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.
खांदे सैल पडले.
दोन वेढे मी तशीच ओढले.

मग म्हटलं, मामा, उठा.
ती वीट बसायची नाही.
मामा म्हणाले, इटंत काय एवढं?
व्यंकटीनं माझ्याकडं पाहिलं.
मी शटर उचललं, वीट उभी केली.
वारा आला, पायाला ओळखीनं चावला.

मोजणी चुकली होती.
सगळी खाच उसवली,
पुन्हा एकपासून.